हिरड्यांतून रक्त येतं, दात हलतायत, दवाखान्याने ४८ हजार सांगितले, सोनं गहाण ठेवू का?

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार, नाव छापू नका. मी ३७ वर्षांची, दिव्याला राहते, गाव पाटण तालुक्यात. घरून डबे करून देते, मिस्टर भिवंडीला गोडाऊनमधे पॅकिंगला आहेत, पगार १७ हजार. दोन वर्षं झाली दात घासताना रक्त येतंय, आता खालचे पुढचे दोन दात हलायला लागलेत आणि तोंडाला वास येतो, माणसांशी बोलताना पदर तोंडावर घेते. इथल्या एका दवाखान्यात दाखवलं तर दोन मिनिटं बघून म्हणाले पूर्ण तोंडाचं लेझरने हिरड्यांचं ऑपरेशन, ४८ हजार, नाहीतर दात काढून इम्प्लांट, ते वेगळे. जाऊबाई म्हणते सफाई अजिबात करू नको, तिच्या बहिणीचे दात सफाईनंतरच ढिले झाले. सासूबाई म्हणतात काढून टाक आणि कवळी बसव. मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेते तेव्हा चार दिवस बरं वाटतं. लहानपणापासून मशेरीची सवय आहे, हे डॉक्टरांना सांगितलं नाही. दोन तोळ्यांचं मंगळसूत्र आहे ते गहाण ठेवून करून घेऊ का?"

अगं, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मंगळसूत्र घरीच ठेव. ४८ हजाराचं ऑपरेशन तुला लागेल की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही, कारण ते ठरवण्यासाठी जी तपासणी करावी लागते ती तुझी झालेलीच नाहीये. मी डेंटल कॉलेजच्या हिरड्यांच्या विभागात बरीच वर्षं हायजिनिस्ट म्हणून काम केलंय आणि असे हजारोंचे कागद हातात घेऊन घाबरलेल्या बायका रोज बघितल्यात, त्यातल्या कितीतरी जणींचं काम साध्या सफाईवर आणि नीट खोल सफाईवर भागलं. हिरड्यांच्या आजारात महागडं मशीन किंवा महागडं औषध हा मुख्य इलाज नसतोच. मुख्य इलाज म्हणजे दाताच्या मुळाला चिकटलेलं कीटण हाताने खरवडून काढणं आणि नंतर ते परत साचू न देणं. हे काम मुंबईत सरकारी आणि महापालिकेच्या डेंटल कॉलेजात अगदी थोड्या पैशात होतं. तिथे पैशाऐवजी वेळ द्यावा लागतो, तुझ्या डब्यांच्या धंद्यात तीच खरी अडचण आहे, म्हणून त्याच्यावर पण खाली सविस्तर लिहितेय.

आधी काय झालंय ते समजून घे. दातावर रोज एक चिकट थर बसतो, तो निघाला नाही की थुंकीतल्या क्षारांनी कडक होतो, त्याला आपण कीटण म्हणतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सगळ्यात जास्त धरतं कारण जिभेखाली लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात, आणि तुझे नेमके तेच दात हलतायत. कीटणाच्या खरखरीत पृष्ठभागावर जंतू बसतात, हिरडी सुजते, लाल होते, रक्त येतं. इथपर्यंत सगळं भरून येण्यासारखं असतं. पण तसंच वर्षानुवर्षं राहिलं तर हिरडी दातापासून सुटते, मधे खोबण तयार होते ज्याला डॉक्टर पॉकेट म्हणतात, आणि आतलं दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. हाड गेलं की दात हलतो. गेलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही, हे मी तुझ्यापासून लपवत नाही, पण झिजणं थांबवता येतं आणि थोडे हलणारे दात पुढे कितीतरी वर्षं नीट काम देतात, ते मी डोळ्याने बघितलंय. या आजारात दुखत नाही ना, म्हणून सगळे उशिराच येतात, तुझ्या एकटीचं काही चुकलंय असं नाही.

आता तो ४८ हजाराचा कागद. हिरड्यांचे उपचार ठराविक क्रमाने करायचे असतात. आधी मोजमाप आणि एक्स-रे, मग सफाई म्हणजे स्केलिंग, गरज असेल तिथे सुई देऊन बधिर करून मुळापर्यंतची खोल सफाई, मग साधारण चार ते आठ आठवडे थांबून परत मोजमाप. एवढं केल्यावरही ज्या ज्या ठिकाणी पॉकेट खोल राहिलंय आणि रक्त येतंय फक्त तिथे फ्लॅप सर्जरीचा विचार, म्हणजे हिरडी थोडी उघडून आत साफ करून टाके घालणं. पहिल्याच दिवशी, न मोजता, सफाईसुद्धा न करता पूर्ण तोंडाचं ऑपरेशन सांगणं हे क्रमाच्या बाहेर आहे, मला ते पटलेलं नाही. आणि लेझरचं म्हणशील तर साध्या हत्यारांनी नीट केलेल्या खोल सफाईपेक्षा लेझरने हिरड्या जास्त बऱ्या होतात असा काही भक्कम पुरावा नाही, त्यामुळे त्या एका शब्दासाठी ज्यादा पैसे मोजायचं कारण नाही. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात, तो तर आत्ता विषयच नको. ज्या तोंडात हिरड्यांचा आजार चालू आहे तिथे घातलेल्या इम्प्लांटच्या भोवतीचं हाडही तसंच झिजू शकतं, आधी आजार आटोक्यात आणायलाच लागतो.

कुठे जायचं? दिव्याहून तुला सगळ्यात सरळ पडेल सीएसएमटी. पी. डिमेलो रोडच्या बाजूने बाहेर पडलीस की सेंट जॉर्ज हॉस्पिटलचं आवार लागतं, तिथेच शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. दुसरं नायर डेंटल, ते महापालिकेचं, मुंबई सेंट्रलला, तुला भायखळ्याला उतरून बसने जाता येईल. दोन्हीकडे नुसत्या हिरड्यांसाठी वेगळा विभाग आहे, पेरिओडॉन्टॉलॉजी, सगळे तिथे पेरिओच म्हणतात. आणि मुंबईपर्यंत जाणं अगदीच जमत नसेल तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळला जा, नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे या पट्ट्यात खाजगी डेंटल कॉलेजं आहेत, तिथले दर सरकारीपेक्षा जास्त पण बाहेरच्या दवाखान्यापेक्षा बरेच कमी असतात आणि गर्दी कमी असल्यामुळे तारीख लवकर मिळते. जायच्या आधी फोन करून स्केलिंगचे किती, खोल सफाईचे किती, ओपीडी किती वाजेपर्यंत, एवढं विचारून घे.

"विद्यार्थी करतात" म्हणून बायका बिचकतात. त्यांचं काम प्रत्येक टप्प्यावर सर किंवा मॅडम येऊन तपासतात, ते पास केल्याशिवाय मुलं तुला सोडू शकत नाहीत, आणि मार्क त्यावर असतात म्हणून मुलं फार मन लावून करतात, एका बसण्यात दहा दातांवर तासभर घालवतात जे बाहेर कुणी घालवत नाही. शिवाय खोल सफाई आणि फ्लॅप सहसा पीजी करतात, म्हणजे जे आधीच डेंटिस्ट आहेत आणि आता हिरड्यांमधे तीन वर्षांचं एमडीएस करतायत. तुझे दात हलतायत त्यामुळे तुला पीजीकडेच देतील, नाही दिलं तर "पीजी मॅडमना दाखवायचंय" असं सरळ म्हण.

पहिल्या दिवशी काय होतं ते सांगते म्हणजे गोंधळायला नको. सकाळी लवकर पोच, केसपेपरची खिडकी दुपारी बंद होते. आधार कार्ड आणि रेशन कार्ड दोन्ही घेऊन जा, पिवळं कार्ड असेल तर फी माफ होते का ते खिडकीवरच विचार. नवीन पेशंटला आधी ओरल मेडिसिनला पाठवतात, तिथे पूर्ण तोंड बघतात, एक्स-रे सांगतात आणि मग पेरिओला लिहून देतात. हा पहिला दिवस रांगेतच जातो, उपचार होतीलच असं नाही, तेव्हा "एवढा दिवस गेला आणि काहीच केलं नाही" म्हणून परत जायचं सोडू नकोस. कितीतरी बायका इथेच गळतात, मला फार वाईट वाटायचं. पेरिओला खुर्चीत बसवल्यावर एक मुलगी बारीक, बोथट टोकाची, खुणा असलेली सळई हिरडी आणि दाताच्या मधे हळूच सरकवेल आणि आकडे म्हणत जाईल, "तीन, दोन, पाच... चार, तीन, सहा", दुसरी ते तक्त्यावर लिहून घेईल. एका दाताला सहा ठिकाणी मोजतात, २८ दात असतील तर १६८ आकडे होतात. १ ते ३ मिलिमीटर म्हणजे ठीक, ४-५ म्हणजे पॉकेट, ६ आणि पुढे म्हणजे खोल. तू पण कान देऊन ऐक, कुठल्या बाजूला मोठे आकडे येतायत ते तुला तिथेच कळेल. ज्या दवाखान्याने ४८ हजार सांगितले त्यांनी यातला एकही आकडा घेतलेला नाही, म्हणून म्हटलं की तपासणी झालेलीच नाही.

तिथे मशेरीचं नक्की सांग. लाजू नकोस, पाटण, कराड, साताऱ्याकडची बाई आणि मशेरी यात कुणाला नवल वाटत नाही, आमच्याकडे आलेल्या निम्म्या आज्या पिशवीत डबी घेऊनच यायच्या. पण ती तव्यावर भाजलेली असली, काळी पूड झालेली असली तरी ती तंबाखूच आहे गं, दात साफ करायची पावडर नाही. बोटाने जिथे रोज चोळतेस तिथली हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात, आणि निकोटीनमुळे हिरडीला रक्तपुरवठा कमी मिळतो म्हणून उपचार केले तरी जखम हळू भरते. डॉक्टरांना हे माहीत असलं तर ते गाल, ओठाची आतली बाजू, जिभेखालचा भाग वेगळा तपासतात, पांढरा किंवा लाल चट्टा आहे का बघतात. दोन आठवड्यात न भरणारं तोंडातलं कुठलंही फोड किंवा जखम असेल तर तू स्वतःहून दाखव, हे मशेरी लावणाऱ्या प्रत्येकीने करायला हवं.

सोडणं सोपं नाही मला माहितेय. सगळ्या बायका एकच सांगतात, "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं." ते खरं आहे, निकोटीन सुटताना तसं होतंच, चिडचिड होते, पोट जड होतं, पण पहिले काही आठवडे काढले की कमी होत जातं. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, जेवणात भाजी-भाकरी थोडी जास्त, आणि ज्या वेळेला लावायची सवय आहे त्या वेळेला हाताला दुसरं काम. दिवसातून चार वेळा लावत असशील तर आधी दुपारची बंद कर मग पुढची, पण सोडायची तारीख ठरव. १८००-११२-३५६ हा सरकारचा तंबाखू सोडायचा फोन आहे, पैसे लागत नाहीत, समोरचं माणूस नीट बोलतं. कॉलेजात पण यासाठी समुपदेशन मिळतं, विचार.

जाऊबाईंचं म्हणणं. सफाईने दात ढिले होत नाहीत. झालेलं असं असतं की हाड आधीच गेलेलं, दाताभोवती कीटणाचा जाड थर बसलेला, तोच दातांना एकमेकांना चिकटवून धरत असतो, तो काढला की खरी परिस्थिती समोर येते. सूज उतरली की हिरडी आवळते, दातांमधे फटी दिसतात, गार पाणी लागलं की ठणकतं. हे सगळं होणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. ठणका सहसा थोड्या दिवसात कमी होतो, सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट लावली तर बरं वाटतं, आणि हलणारे दात फारच हलत असतील तर डॉक्टर शेजारच्या दातांना आतून बांधून देतात, स्प्लिंटिंग म्हणतात त्याला. जाऊबाईंच्या बहिणीला हे कुणी आधी समजावून सांगितलं नाही, तिथे चुकलं.

आणि सासूबाईंना सांग की कवळीची घाई नको. ३७ हे कवळीचं वय नाही. दात किती हलतो याच्या पायऱ्या असतात, पुढेमागे जरासा हलणं वेगळं आणि दाबल्यावर वरखाली होणं वेगळं, दुसऱ्या प्रकारातला दात वाचवणं खरंच कठीण असतं आणि तो काढायला सांगितला तर ऐक. पण ते सफाई झाल्यावर, सूज उतरल्यावर ठरवायचं, कारण सूज गेली की बरेच दात आपोआप थोडे घट्ट होतात. काढलेल्या जागेचं हाडही पुढे आकसत जातं, कवळी सैल होते, परत नवीन करावी लागते, म्हणजे तो खर्चही एकदाचा नसतो. आणि बाजारात, स्टेशनबाहेर बसून हलणारा दात कसल्यातरी पांढऱ्या मसाल्याने शेजारच्याला चिकटवून देणारे असतात त्यांच्याकडे कुणीही काहीही सांगितलं तरी जायचं नाही, त्या मसाल्याखाली हिरडी सडते आणि शेजारचा चांगला दातही जातो.

मेडिकलच्या गोळ्या आजपासून बंद. चार दिवस बरं वाटतं कारण जंतू तात्पुरते कमी होतात, पण कीटण तिथेच असतं, त्यावर ते परत बसतात. अँटिबायोटिक कधी लागलं तर सफाईबरोबर लागतं, सफाईऐवजी नाही, आणि असं अर्धवट घेत राहिलीस तर खरंच गरज पडेल तेव्हा ते काम करणार नाही.

एक तपासणी मात्र डेंटल कॉलेजच्याही आधी करून घे, साखरेची. डायबेटीस असेल आणि माहीत नसेल तर हिरड्या झपाट्याने बिघडतात, तोंडाला वास येतो, सफाई करूनही सूज उतरत नाही, आणि उलटही आहे, हिरड्या बऱ्या केल्या की साखर आटोक्यात ठेवायला थोडी मदत होते. 'आपला दवाखाना' नावाच्या सरकारी दवाखान्यात किंवा कळव्याच्या महापालिकेच्या हॉस्पिटलात तपासून घे, एचबीए१सी, म्हणजे गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, झाली तर उत्तम, ६.५ किंवा वर आली तर डेंटल कॉलेजात तो रिपोर्ट दाखव. बीपीची गोळी चालू असेल तर तिचं पाकीटही ने. अॅम्लोडिपिन नावाच्या गोळीने काही जणांच्या हिरड्या फुगतात, फिट्सच्या फेनिटॉइनने पण, तेव्हा डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात, स्वतः मात्र बंद करायची नाही. पाळी चुकली असेल, दिवस गेले असतील तर ते एक्स-रेच्या आधी सांगायचं.

आता मिस्टरांच्या पगाराबद्दल. १७ हजार पगार आणि गोडाऊनला दहा किंवा जास्त माणसं असतील तर त्यांना ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू व्हायला हवी, २१ हजारापर्यंत पगार असणाऱ्यांना ती असते. पगाराची स्लिप बघ, कामगाराचा हिस्सा ०.७५ टक्के, म्हणजे १७ हजारावर साधारण १२८ रुपये कापलेले दिसतील. कापत असतील तर ई-पहचान कार्डावर तुझं आणि मुलांचं नाव आहे का ते बघा, नसेल तर घालून घ्या, आणि ईएसआयच्या दवाखान्यातून दातांसाठी हॉस्पिटलला चिठ्ठी मिळते, तुमच्यासाठी ठाण्याचं वागळे इस्टेटचं किंवा मुलुंडचं. महिन्याला पैसे भरताय आणि वापरत नाही असं फार घरात चाललेलं असतं. कापतच नसतील तर ठेकेदाराला विचारायला हवं, तो मिस्टरांचा हक्क आहे.

आयुष्मान कार्डाचं किंवा महात्मा फुले योजनेचं मला बरेच जण विचारतात म्हणून लिहिते, ती प्रामुख्याने भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, हिरड्यांची सफाई त्यात बसत नाही. जबड्याचं फ्रॅक्चर, तोंडाचा कॅन्सर यासाठी ती उपयोगी पडते. साधा मेडिक्लेमही सहसा दातांचे ओपीडी खर्च देत नाही.

वेळेचं गणित असं मांड. एकूण बहुतेक पाच ते सात फेऱ्या लागतील: पहिला रांगेचा दिवस, एक मोजमाप आणि वरची सफाई, मग खोल सफाईच्या दोन ते चार, आणि दीड-दोन महिन्यांनी फेरतपासणी. पहिल्या दोन वेळा पूर्ण दिवस धर, त्यानंतर तुला ठराविक पीजीची तारीख आणि वेळ मिळते, तिचा विभागातला फोन घेऊन ठेव आणि तिला स्पष्ट सांग की माझे सकाळचे डबे आहेत, मला अकरानंतरची वेळ दे. त्या ऐकतात, त्यांनाही पेशंट टिकलेला हवा असतो. डबेवाल्या गिऱ्हाइकांना आठवड्यातला तो एक वार आधीच सांगून ठेव, किंवा त्या दिवशी शेजारणीला सोबत घेऊन पोळ्यांचं काम वाटून घे. परीक्षांच्या आणि सुट्ट्यांच्या दिवसात तारखा पुढे जातात, म्हणून लांबवू नकोस. लोकलचं भाडं, केसपेपर, एक्स-रे, सफाई सगळं धरून हे त्या ४८ हजाराच्या अगदी छोट्या तुकड्यात बसेल. मुख्य नुकसान बुडालेल्या डब्यांचं, तेच आधी बाजूला काढून ठेव.

आणि समजा फेऱ्या नाहीच जमल्या तर जवळच्या दुसऱ्या दवाखान्यात फक्त स्केलिंग करून घे, साध्या सफाईचे तुमच्या भागात सर्वसाधारण हजार-दीड हजार घेतात. जाताना विचार की पेरिओचे एमडीएस येतात का, बऱ्याच छोट्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा व्हिजिटिंग येतात. पॉकेटचे आकडे लिहून माग. कोटेशन दातागणिक, टप्प्यागणिक माग, आणि पैसे त्या त्या टप्प्याचेच दे, पूर्ण पॅकेजचे आगाऊ किंवा मोबाइलवर लगेच लोन काढून देणारं ईएमआय घ्यायचं नाही. जो डॉक्टर हे प्रश्न विचारल्यावर नीट उत्तर देतो तो सहसा चांगला असतो.

घरी काय करायचं तर आज रात्रीपासून. मऊ ब्रश घे, सॉफ्ट लिहिलेला, वीस-तीस रुपयांचा चालतो, आणि फ्लोराइडवाली साधी पेस्ट. लाल दंतमंजन, राखुंडी, मीठ चोळणं बंद, त्या खरखरीने उघडी पडलेली मुळं झिजतात. ब्रश दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरका धरायचा, केस हिरडीकडे, जागच्या जागी थरथरवायचा आणि मग दाताच्या टोकाकडे ओढायचा. रक्त येईल. रक्त येतं म्हणून तिथे घासायचं सोडू नकोस, उलट तिथेच हळू पण नीट घासायचं. दोन मिनिटं, दोन वेळा, रात्रीचं चुकवायचं नाही. फटींमधे फिरवायचा छोटा बाटलीच्या ब्रशसारखा इंटरडेंटल ब्रश मेडिकलमधे मिळतो, कुठला साइज ते पीजीला विचारून घे, आणि सेफ्टीपिनने कोरायचं असेल तर ते आजपासून नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या चालतील, बरं वाटतं, पण त्याने कीटण निघत नाही. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलं तरच, तेही दोन आठवडे, जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग येतात आणि चव जाते.

थांबायचंच नाही अशा गोष्टी: जबड्याला किंवा गळ्याखाली सूज आणि ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, असं झालं तर तारखेची वाट न बघता सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. हिरड्यांतून आपोआप रक्त येतंय, थांबत नाही, अंगावर निळे डाग उठतायत, फार थकवा आहे, तर आधी सीबीसी ही रक्ताची तपासणी, कारण कधीकधी मूळ दुखणं रक्ताचं असतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात, कारण हीच अडचण घरोघरी आहे. सरकारी डेंटल कॉलेज नागपूरला मेडिकलच्या आवारात आहे, छत्रपती संभाजीनगरला घाटीच्या आवारात आहे, गोव्यात बांबोळीला आहे आणि सिंधुदुर्गातले लोक तिकडे जातातच. पुणे, नाशिकचं पंचवटी, लोणी, कराड, सांगली, सोलापूर, लातूर, अमरावती, वर्ध्याजवळचं सावंगी इथे खाजगी डेंटल कॉलेजं आहेत. आणि कॉलेज लांब असेल तर जिल्हा रुग्णालयाची दातांची ओपीडी, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केलेत. साधी सफाई तिथे होते का ते विचारा, खोल काम असेल तर ते कॉलेजला पाठवतात.

खोल सफाई झाली की त्यानंतर दर तीन महिन्यांनी एकदा पेरिओला जाऊन यायचं, हे कायमचं आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यात बरं वाटायला लागल्यावर बायका यायच्या बंद होतात आणि दोन वर्षांनी परत तेच, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव. सासूबाईही मशेरी लावत असतील तर पहिल्याच दिवशी त्यांनाही सोबत घेऊन जा, एका फेरीत दोघींचं तोंड तपासून होईल. आणि फेरतपासणीत फ्लॅप सांगितलं तर घाबरू नकोस, मोजमापाच्या दोन्ही तक्त्यांचे फोटो मला पाठव, आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून कुठल्या दाताला खरंच गरज दिसते ते मी तुला समजावून सांगेन.